गजाला लावलेलं तेल

मेलबर्नमध्ये ट्रुगानिनाहून कार्नेगीला आठ वाजता पोचायचं म्हणजे सव्वासहाला घर सोडावं लागतं. वेस्ट गेट पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, रेडिओवरचा माणूस उगाचच आनंदात असतो, आणि एवढं करून मी आठ वाजून चार मिनिटांनी बेल दाबली की दार उघडून बाई पहिला शब्द काय बोलायच्या? "चार मिनिटं." बस्स. मग वॉकर वळवून आत. गुड मॉर्निंग नाही, कशी आहेस नाही. दोन वर्षं ऐकलं मी हे.

मी होम केअरचं काम करते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, नाश्ता द्यायचा, गोळ्या बघायच्या, चादरी बदलायच्या. इथे आले होते बायोटेकचं मास्टर्स करायला. पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळेपर्यंत म्हणून ही शिफ्ट धरली. पीआर मिळून आठ वर्षं झाली, शिफ्ट काही सुटली नाही. तसं मला हे काम आवडतं. बाकीचे क्लायंट गोड असतात, डार्लिंग म्हणतात, बिस्किटं पुढे करतात. आणि मग रोस्टरवर या बाई आल्या.

बाई रशियन, वय ब्याऐंशी, एके काळी मोठमोठ्या हॉलमध्ये व्हायोलिन वाजवलेलं. मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणायचे, शाळेतल्या बाईंसारखं. तोंडावर मात्र त्यांचं नाव वडिलांच्या नावासकट घ्यावं लागायचं, नुसतं नाव घेतलं की त्यांना ऐकू यायचं नाही. आमच्याकडेही मधे वडिलांचं नाव असतं, पण ते पासपोर्टवर. हाक मारताना कोण घेतं? शिवाय नियम. टोमॅटो सोलूनच चिरायचा. चहा काळा आणि काचेच्या ग्लासात. घरात शिट्टी वाजवायची नाही, उंबऱ्यावरून वस्तू द्यायची-घ्यायची नाही. आईपासून सुटून इतक्या लांब आले, तर इथेही उंबरा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे व्हायोलिनच्या पेटीला हात लावायचा नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही.

बाईंचं सगळं करिअर मी बाथरूममध्ये ऐकलं. शॉवरच्या खुर्चीवर बसल्या की त्या सुरू व्हायच्या. डाव्या पायाला साबण लावेपर्यंत सायबेरिया, उजव्या पायाला येईपर्यंत मुंबई. पाचव्या वर्षी हातात व्हायोलिन, सातव्या वर्षी आईवडिलांना सोडून संगीताच्या शाळेच्या वसतिगृहात, मग मॉस्कोत शिक्षण. मग एक मोठी स्पर्धा, तिच्यात दुसरा नंबर. हा दुसरा नंबर मला आठवड्यातून तीनदा ऐकावा लागायचा. पहिला आलेला मुलगा कसा बेसूर होता, परीक्षकांतला एक कसा चक्क झोपला होता. साठ वर्षं झाली त्याला. तो मुलगा वारला, तो परीक्षकही वारला असणार, पण बाईंचा राग आपला ताजा.

मग दौरे. सरकारी ऑफिस सांगेल त्या गावी, सांगेल तितके कार्यक्रम. कारखान्याच्या हॉलमध्ये इतकी थंडी की बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायचं. वाजवायला सरकारने स्वतःच्या संग्रहातलं एक जुनं इटालियन व्हायोलिन दिलं होतं. पुढे देश सोडायचा अर्ज केला, त्या आठवड्यात दोन माणसं आली आणि पावती देऊन ते घेऊन गेली. नवऱ्याबरोबर इथे आल्या तेव्हा हातात एक साधं जर्मन व्हायोलिन होतं. जिची पोस्टरं लागायची ती बाई इथे ऑर्केस्ट्राच्या शेवटच्या रांगेत बसली, आणि मग इथल्या पोरांना स्केल्स शिकवत राहिली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा नाही. टोमॅटोची साल राहिली तर मात्र बदलायचा.

मुंबईलाही त्या एकदा येऊन गेल्या होत्या. तिथे त्यांना शाल आणि नारळ दिला. नारळाचं काय करायचं कळेना, म्हणून तो मॉस्कोपर्यंत सूटकेसमधून नेला. हे माझ्यावर आरोप केल्यासारखं सांगायच्या, जणू तो नारळ मीच दिला होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, ती इथे सांगून ठेवते. व्होल्गाकाठच्या एका गावात कार्यक्रम चालू असताना त्या मधेच विसरल्या. बोटं थांबली. साथीच्या पियानोवाल्याने तिथल्या तिथे वाजवणं थांबवलं, उभा राहिला आणि लोकांना म्हणाला, माझ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली, माफ करा. लोक हसले, पहिल्यापासून सुरू झालं, शेवटी टाळ्याच टाळ्या. पुढे त्या पियानोवाल्याचं परदेश दौऱ्यातून नाव कापलं गेलं. आता त्यांच्यात रीत अशी की टाळ्या चालू असताना व्हायोलिन वाजवणारीने मोकळा हात, तळवा वर करून, पियानोवाल्याकडे करायचा. मग त्याने उठायचं आणि वाकून टाळ्या घ्यायच्या. त्या संध्याकाळी बाईंनी हात केला नाही. मी विचारलं, का?

"चूक त्याची होती," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं होतं."

मी शॉवर हातात धरून बघतच राहिले. काय बाई आहे ही, वाटलं. पाठीला टॉवेल जरा जोरातच घासला मी त्या दिवशी.

तर गेल्या वर्षी विंटरमध्ये बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ठरवलं की बाईंचा कार्यक्रम करायचा. विद्यार्थी म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ, स्वतः व्हायोलिन शिकवतो. ऑक्टोबरमधला एक रविवार, लायब्ररीचा हॉल. बाकीचे विद्यार्थी वाजवणार आणि शेवटी बाई एकच छोटी, संथ रचना वाजवणार. चार मिनिटांची. बाईंनी अकरा वर्षांत लोकांसमोर वाजवलं नव्हतं. बोटांचे सांधे सुजून गाठी झालेल्या, ब्लाउजची बटणं मी लावायचे. तरी बाई हो म्हणाल्या. आणि हो म्हटल्यापासून त्यांनी माझं जगणं मुश्कील केलं.

रोज सकाळी आंघोळीनंतर दहा मिनिटं सराव. मी स्वयंपाकघरात, दार बंद, नळ बंद, भांडं वाजवायचं नाही, शक्यतो श्वासही घ्यायचा नाही. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण रोज एका ठरावीक जागी ते अडायचं हे मलाही कळायचं. तिथे आवाज फाटायचा. मग शांतता, मग पुन्हा तीच जागा, पुन्हा फाटायचा. बाहेर आल्या की चहावर राग. एकदा मी म्हटलं, नो वरीज, चार मिनिटं तर आहेत, लोक प्रेमाने येणारेत, थोडं चुकलं तर काय झालं? बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"लोक शेवटचं ऐकलेलं लक्षात ठेवतात," म्हणाल्या. "सायबेरिया नाही. मॉस्को नाही. ही चार मिनिटं."

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, ही म्हातारी एक तर वाजवणार नाहीतर मला मारणार. तो म्हणाला, क्लायंट बदलून माग. रोस्टरवाल्या मुलीला फोन करायला मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. का ते मलाही माहीत नाही. ते चार मिनिटांचं काय होतंय हे बघायचं होतं, दुसरं काय.

आता माझा पराक्रम. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, खंडेनवमी होती. माझे वडील भोसरीत टर्नर होते, लेथवर काम करायचे. शेडमध्ये जुनी पट्ट्यावर चालणारी लेथ होती. खंडेनवमीला सगळी अवजारं पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. त्या दिवशी अवजाराला सुट्टी. लहानपणी पान्यांना आणि कानशींना तेल लावायचं काम माझ्याकडे असायचं. इथे आल्यावर मी गाडीच्या स्टिअरिंगला फूल अडकवते, लॅपटॉपला कुंकू लावते. पोरगी डोळे फिरवते, "मम, सीरियसली?" म्हणते. म्हणू दे.

त्या शनिवारी मी नाश्ता करून दिला, बाईंनी सराव केला, तीच जागा तशीच फाटली, आणि त्या डोकं दुखतंय म्हणून पडायला गेल्या. पेटी सोफ्यावर उघडीच राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी बघितलं तर गजाच्या केसांवर पांढरी भुकटी. गज म्हणजे ज्याने व्हायोलिन वाजवतात ती लांब काठी, तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेले असतात. मला वाटलं, धूळ बसलीय. केस कोरडे, खरखरीत. उद्या एवढा कार्यक्रम आणि आज खंडेनवमी, आणि अवजाराची ही दशा? बाईंच्या टाचांना लावायला माझ्या बॅगेत खोबरेलाची बाटली असतेच. भुकटी पुसली, दोन थेंब बोटांवर घेतले आणि केसांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला, पोरीच्या वेणीला लावते तसा. व्हायोलिनला हात लावायची हिंमत झाली नाही. पेटीच्या कडेला हळदकुंकू टेकवलं, झेंडू ठेवला, हात जोडले. मनात म्हटलं, उद्याची चार मिनिटं नीट जाऊ देत. मग हळदकुंकू पुसलं, फूल खिशात. इतकं बरं वाटलं मला, की काय सांगू. घरी जाताना पुलावरच्या ट्रॅफिकचाही राग आला नाही.

रविवारी बाईंना मीच हॉलवर घेऊन गेले. ऐंशीएक खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. म्हाताऱ्या रशियन बायका लिपस्टिक लावून, हातात फुलं घेऊन आलेल्या. विद्यार्थ्यांचं वाजवून झालं. मागच्या खोलीत बाई काळ्या ड्रेसमध्ये उभ्या राहिल्या, व्हायोलिन खांद्यावर घेतलं आणि तारेवर गज ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. नुसताच घसरला, काचेवरून फडकं फिरावं तसा. तो विद्यार्थी धावत आला, त्याने केसांना बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

खोबरेलाचा वास त्या खोलीत आणखी कोणाला येत होता? माझ्याकडेच बघितलं सगळ्यांनी. मी सांगितलं, मी लावलं. त्याने मला समजावून सांगितलं, आणि फार सभ्यपणे सांगितलं हे जास्त वाईट. केसांवरची भुकटी म्हणजे धूळ नव्हे, ती राळ. राळेमुळे केस तारेला पकडतात, तेव्हा सूर निघतो. तेल लागलं की पकड गेली, केसच बदलावे लागतात, आणि आज रविवार. मी ऐकत होते आणि मला आमची शेड दिसत होती. लेथचा पट्टा घसरायला लागला की वडील त्याला राळ लावायचे. पट्ट्याला तेल लावायचं नसतं हे मला सहाव्या वर्षी माहीत होतं. पान्याला तेल, पट्ट्याला राळ. वडील असते तर टपली मारली असती. कर्म माझं.

त्या विद्यार्थ्याने स्वतःचा गज पुढे केला. बाईंनी मान हलवली. दुसऱ्याचा गज म्हणजे दुसऱ्याची कवळी, म्हणाल्या. मग वॉकर घेऊन त्या स्वतः स्टेजवर गेल्या आणि लोकांना सांगितलं की माझ्या केअररने प्रेमाने माझ्या गजाला तेल लावलं आहे, त्यामुळे आज वाजवता येणार नाही. लोक आधी चुकचुकले, मग हसले, मग उभं राहून केवढ्या टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान झुकवून फुलं घेतली. मी दाराशी उभी. मागच्या रांगेतल्या दोन बायका वळून वळून मला बघत होत्या.

पुढचे तीन दिवस मी गाडीत रडत होते. त्या विद्यार्थ्याने आमच्या ऑफिसला ईमेल केला. सुपरवायझरने बोलावून सांगितलं की क्लायंटच्या वस्तूंना हात लावू नये याचं ट्रेनिंग पुन्हा घे, आणि आणखी एक तक्रार आली तर हे घर तुझ्याकडून काढावं लागेल. बाई काहीच बोलल्या नाहीत. उलट टोमॅटोला सालं राहिली तरी खात होत्या. त्यामुळे मला आणखीनच अपराधी वाटत होतं. शेवटी गुरुवारी दुपारी, माझ्या वेळात, मी तो गज घेऊन सिटीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. केस बदलून द्या म्हटलं. त्याने गज पाहिला, बाईंचं नाव ऐकलं आणि सहज विचारलं, मग दुसरा का नाही वाजवला त्यांनी?

म्हटलं, दुसरा कुठला?

दुसरा, चांगला. महिन्यापूर्वी त्यांचा एक शेजारी तो घेऊन आला होता. खास कार्यक्रमासाठी म्हणून नवे केस बसवून घेतले.

डोकंच फिरलं माझं. शुक्रवारी सकाळी आठला पाच मिनिटं असतानाच बेल दाबली, आत शिरले आणि थेट त्यांचं कपाट उघडलं. हिवाळी कोटांच्या मागे पुठ्ठ्याची लांब नळी. आत गज. केस पांढरेशुभ्र, वर राळेची ताजी भुकटी. क्लायंटच्या वस्तूंना हात लावू नये. लावला. नळी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तो चढलाच. तीन दिवस रडतेय मी, म्हटलं. ऑफिसात बोलणी खाल्ली. ऐंशी माणसांसमोर माझी शोभा झाली. आणि हा इथे होता?

बाईंनी नळीवर हात ठेवला. बोटं सरळ होत नव्हती, पहिल्यांदाच त्यांनी ती लपवली नाहीत.

"मला शनिवारीच वास आला होता," म्हणाल्या. "मुंबईच्या नारळाचा. मग मी दोन्ही गज समोर ठेवले आणि विचार केला. ती जागा येत नव्हती. येणार नव्हती. या गजाने वाजवलं असतं तर त्यांनी माझे हात ऐकले असते."

मला खूप बोलायचं होतं. निदान मला तरी सांगायचं, एवढं तरी. पण आंघोळीची वेळ झाली होती, त्यांच्या गोळ्या राहिल्या होत्या. मी रागारागाने गरम पाणी सोडलं. त्या दिवशी शॉवरमध्ये सायबेरिया झालं नाही, मुंबई झाली नाही.

पुढच्या आठवड्यात तो विद्यार्थी केक घेऊन आला. मी चहा केला, बाईंना ग्लासात, त्याला कपात, आणि बाजूच्या स्टुलावर बसले. तो पुन्हा कार्यक्रम करायचं म्हणत होता, ऑटममध्ये. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग तो थोडा अडखळला आणि म्हणाला, मी काल गज दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणत होता, तुमच्याकडे आणखी एक गज आहे, नवे केस बसवलेला.

बाईंचा ग्लास बशीवर वाजला. चेहरा पांढराफटक. ब्याऐंशी वर्षांची बाई, पण त्या क्षणी सातव्या वर्षी वसतिगृहात सोडलेल्या पोरीसारखी दिसली. मला आणखी एक तक्रार झाली तर काय होणार हे माहीत होतं. आणि खरं सांगते, राग अजून गेला नव्हता. गेला असता तर बरं झालं असतं.

"त्यालाही मीच लावलं," मी म्हणाले. "दोन्हींना लावलं. आमच्यात त्या दिवशी सगळ्या अवजारांना लावतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. दोन्हींना? असं त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. या बाईला इथे कोण ठेवतं, हेही होतं. मी मान खाली घातली नाही. कपाळावर हात मारायचा तेवढा त्याने बाकी ठेवला.

तेवढ्यात बाईंनी ग्लास खाली ठेवला. उजवा हात उचलला, वाकड्या बोटांचा तळवा वर केला आणि सावकाश माझ्याकडे केला. विद्यार्थ्याला वाटलं, त्यांना केक हवाय. त्याने बशी पुढे सरकवली. बाईंनी बशीकडे बघितलं नाही. हात तसाच.

काय करणार? उठले मी.